भारोभार गूळ

“आक्का, गुळाची तुला करताना वजन कधीचं धरायचं? नवस बोलले तेव्हाचं, की फेडते तेव्हाचं?”

एवढं विचारून कुमुदताई थांबल्या नाहीत. देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला दिसेनाशा झाल्या.

आक्का पायरीवर बसून वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली, रिकाम्या अंगणाकडे पाहिलं, आणि पुन्हा कापूस हातात घेतला.

माघी पौर्णिमेची सकाळ होती. हिरण्यकेशी नदीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. खाली शिवारात गुऱ्हाळं पेटलेली, त्यांचा गोडसर धूर टेकडीपर्यंत येत होता. टेकडीवर देवीआईचं लहानसं देऊळ आणि त्याला लागून आक्कांचा मठ. मठ म्हणजे काय, दोन खोल्या, एक चूल आणि दारात पपईचं झाड.

कुमुदताई दुसऱ्या बाजूने आल्या. पदर खोचलेला, गाल लाल, कपाळावर घाम.

“आक्का, मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं.”

“मग?”

“तू उत्तराला थांबतेस कुठे?”

“फेऱ्या मोडायच्या नाहीत आक्का. एकदा अंग गरम झालं की मग...”

बाकीचं वाक्य देवळामागे गेलं.

आक्का हसल्या. एक वात पुरी झाली. दुसरी घेतली.

कुमुदताई पुन्हा आल्या.

“कुणाला घालतेस?” आक्कांनी विचारलं.

“काय?”

“प्रदक्षिणा. देवीला की पोटाला?”

कुमुदताई हसल्या, पण चालता चालताच. “दोघांना! एकात दोन कामं होतात.”

“देवी म्हणत असेल, ही बाई नुसती माझ्या पाठीमागनं पळतेय. तोंड कधी दाखवणार?”

पण हे ऐकायला कुमुदताई तिथे नव्हत्या.

...

कुमुदताई आक्कांच्या जुन्या शिष्या. घरचं सगळं आवरून रोज पहाटे टेकडी चढून येणाऱ्या. सोमवार धरला तर सोमवार, चातुर्मास धरला तर चातुर्मास. हातात घेतलेलं व्रत त्यांनी कधी मधेच सोडलं नाही. एखाद्या सुनेला दोन दिवसांत उपास नकोसा झाला की सासू म्हणायची, नेम बघावा तो कुमुदताईंचा. हे त्यांच्या कानावर येई, आणि आलेलं त्यांना आवडे.

व्यायामही त्यांनी व्रतासारखाच धरला. पहाटे सूर्यनमस्कार, मग टेकडी, संध्याकाळी कालव्याच्या कडेनं चालणं. भात बंद. साखर बंद. तळलेल्याकडे बघायचंसुद्धा नाही. शुक्रवारी भजन संपलं की बायका त्यांच्याभोवती बसत आणि त्या समजावून सांगत. पापड तळू नका, भाजा. चहात दूध कमी, साखर नाहीच. बायका माना डोलवत.

आणि महिन्यामागून महिना कुमुदताईंचं वजन वाढत होतं.

काटा बिघडला असेल म्हणून दुसरा आणला. दोन्ही काट्यांचं एकमत झालं. डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं तपासलं, आणि म्हणाले, “तब्येत उत्तम आहे. व्यायामानं अंग भरतं, तसंही थोडं वजन वाढतं. काळजी करू नका.” हे कुमुदताईंना काही पटलं नाही. खंडेनवमीला विळी, पाटा, शिलाईचं यंत्र पूजेला मांडलं, तेव्हा त्यांनी तो काटाही मांडला. हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, मनोभावे नमस्कार केला.

काटा प्रसन्न झाला नाही.

एरवी ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट होती. पण मधे नवस होता.

गेल्या फाल्गुनात त्यांची सून मृणाल दवाखान्यात होती. पोर सातव्या महिन्यातच जन्मली. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि कुणाला हात लावू देत नव्हते. कुमुदताई तशाच उठून टेकडीवर आल्या, देवीपुढे पदर पसरला आणि बोलल्या, “आई, पोर घरी येऊ दे. मी माझ्या भारोभार गूळ वाहीन.”

चैत्रात पोर घरी आली. जाई नाव ठेवलं.

नवस फेडायची रीत इथे ठरलेली. पौर्णिमेला सभामंडपाच्या तुळईला मोठा तराजू टांगतात. एका पारड्यात नवस बोलणारा बसतो, दुसऱ्यात गूळ. दोन्ही पारडी समोरासमोर आली की घंटा वाजते आणि तो गूळ तिथल्या तिथे फोडून गावभर वाटतात. आणि अशा नवसाचं मूल असेल, तर नवस फिटेपर्यंत त्याचं जावळ काढत नाहीत.

कुमुदताईंनी चैत्रात ठरवलं, थोडं उतरू दे, मग बसू. वैशाखात म्हणाल्या, पुढच्या पौर्णिमेला. आषाढात काटा आणखी वर गेला. नवरात्रानंतरच्या पौर्णिमेला हेडमास्तरांच्या बायकोची तुला झाली, तेव्हा गर्दीतून गावातले दौलूमामा मोठ्यांदा म्हणाले होते, “साखळ्या तपासल्यात का रे?” सगळं गाव हसलं. हेडमास्तरीणबाईही हसल्या. पण कुमुदताई त्या रात्री जेवल्या नाहीत. आपण बायकांना खाणंपिणं शिकवणार, आणि आपण बसलो की साखळ्या तपासणार...

आता जाईचा वाढदिवस पुढच्याच महिन्यात. त्याआधी जावळ व्हायला हवं. केस पोरीच्या डोळ्यांवर आले होते. मृणाल काही बोलत नसे. फक्त रोज सकाळी ते केस गोळा करून डोक्यावर रबर बांधायची, आणि दुपारपर्यंत ते सुटायचे.

आज टाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून हा प्रश्न.

...

फेऱ्या संपल्या. कुमुदताई धापा टाकत समोर उभ्या राहिल्या.

“आता सांगा. बोलले तेव्हाचं की आत्ताचं? मी म्हणते बोलले तेव्हाचं. शब्द गेला तेव्हा जेवढी होते तेवढीच धरायची. यांना मी तेवढाच गूळ आणायला सांगितलाय.”

“मग ठरवलंच आहेस की.”

“तुम्ही हो म्हटलं की झालं.”

आक्कांनी वातीला पीळ दिला.

“ते घंगाळ तेवढं बाजूला घे,” त्या म्हणाल्या. “तराजू टांगायला जागा लागेल.”

सभामंडपात तांब्याचं मोठं घंगाळ होतं. येणाऱ्यांनी पाय धुवावेत म्हणून काठोकाठ भरलेलं.

“घेते. पण आक्का, शास्त्र काय सांगतं? आता समजा एखादीनं बारीक असताना नवस बोलला आणि फेडताना ती...” बोलता बोलता कुमुदताईंनी दोन्ही कड्या धरल्या, घंगाळ उचललं, मंडपाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. थेंब सांडला नाही. “...फेडताना ती जाड झाली, तर तिनं काय जास्तीचं द्यायचं?”

आक्का त्या घंगाळाकडे बघत होत्या.

“काय झालं?” कुमुदताई म्हणाल्या.

“गेल्या वर्षी हे कोण हलवायचं?”

“मी आणि भजनातली कुणीतरी. दोघी मिळून. तेव्हाही माझ्या पाठीत उसण भरायची. का?”

“काही नाही. बस.”

“बसत नाही. बसलं की वाढतं.”

“कुमुद.”

कुमुदताई बसल्या.

आक्का आत गेल्या आणि केळीच्या पानाच्या तुकड्यावर शिरा घेऊन आल्या. पहाटेच्या आरतीचा. तूप सुटलेला, वर बेदाणे. कुमुदताईंनी दोन्ही हात पुढे केले, कपाळाला लावला आणि खाल्ला. बोटंही चाटली.

“छान झालाय. वेलदोडा तुम्हीच घालावा, आक्का.”

“अगं, आज तुला होईपर्यंत काही खाणार नाही म्हणाली होतीस ना?”

“नाहीच खाल्लं. पाण्याशिवाय काही नाही.”

“आणि हे?”

“हा प्रसाद!”

आक्कांनी चाटूनपुसून साफ झालेल्या पानाकडे पाहिलं.

“प्रसाद काय खाण्यात धरतात होय, आक्का? त्याला नाही म्हणायचं नसतं.”

“रोज इथे येतेस. रोज नाही म्हणत नाहीस.”

“कसं म्हणणार?”

“शुक्रवारी भजनाचा?”

“तो असतोच. आणि कुणाकडे सत्यनारायण असला की तिथला. गेल्या महिन्यात तर गावात चार नवी घरं झाली, चारही ठिकाणी...” कुमुदताईंचा आवाज जरा खाली आला. मग पुन्हा चढला. “पण प्रसाद बाधत नसतो.”

“मी कुठे म्हटलं बाधतो?”

“तुमचा चेहरा म्हणतोय.”

“बरं, मृणाल जेवते का नीट?”

“कसली जेवते! चिमणीचं पोट तिचं. अंगावर पाजणारी बाई, मी एवढे साजूक तुपातले डिंकाचे लाडू करते, अळिवाची खीर करते, आणि ती अर्धं ताटात तसंच ठेवते.”

“मग त्या अर्ध्याचं काय होतं?”

“काय होणार? टाकून का द्यायचं? एवढा डिंक, खारीक, बदाम...”

“म्हणजे तू खातेस.”

“खात नाही, आक्का!” कुमुदताईंना ते अगदी लागलं. “माझं खाणं म्हणजे एक भाकरी आणि पालेभाजी. ते मी फक्त संपवते.”

आक्कांच्या हातातली वात सुटली. त्या हसायला लागल्या. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी आलं, कापसाची टोपली मांडीवरून घरंगळली. कुमुदताई आधी रागावल्या. मग त्यांनाही आपलं वाक्य पुन्हा ऐकू आलं असावं. त्यांनी तोंडावर पदर धरला.

“असं बायकांना सांगू नका हं,” त्या पदराआडून म्हणाल्या.

“कुणाला सांगू? त्याही संपवतच असतील.”

...

पायऱ्यांवरून मृणाल आली. कडेवर जाई. पोरीच्या डोक्यावरचं रबर वाटेतच कुठेतरी पडलं होतं, केस डोळ्यांवर होते आणि त्या केसांच्या आडून ती जगाकडे बघत होती.

मृणालने आक्कांच्या पायांना हात लावला.

“आई, काल सांगायचं राहूनच गेलं,” ती कुमुदताईंना म्हणाली. “आम्ही डोस देऊन आलो तोवर तुम्ही निजला होतात. डॉक्टरांनी वजन केलं हिचं.”

“मग? किती?” कुमुदताई उभ्याच राहिल्या.

“वाढलंय! डॉक्टर म्हणाले, आता ही वेळेवर जन्मलेल्या मुलांच्या बरोबरीला आली.”

“अगं बाई!” कुमुदताईंनी पोरीला ओढूनच घेतलं. “वाढलं? वाढलं का गं माझ्या बयेचं वजन? कुठे वाढलं? इथे? या गालांत? या दंडात?” जाई खिदळली. तिने कुमुदताईंचं नाक धरलं. “मृणाल, घरी जाऊन साखर आण. नाही, मठातलीच घेऊ. आक्का, वाटीभर साखर द्या हो, आईपुढे ठेवते!”

“साखर कशाला?”

“कशाला म्हणजे काय? वजन वाढलं ना!”

“वजन वाढलं की साखर ठेवायची असते?”

“आक्का, तिचं वाढायलाच हवं. ते काचेच्या पेटीत केवढंसं...”

कुमुदताईंनी पोरीच्या डोळ्यांवरचे केस मागे सारले. ते परत पुढे आले.

आक्का आत जाऊन साखरेची वाटी घेऊन आल्या. मृणाल जाईला घेऊन गाभाऱ्याकडे गेली.

पायरीवर दोघीच उरल्या.

“कुमुद, देवीला तू काय कबूल केलं होतंस?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“तुझ्या तोंडानं सांग. जसं बोललीस तसं.”

“आई, पोर घरी येऊ दे. मी माझ्या भारोभार गूळ वाहीन.”

“पोर आली?”

“आली ना.”

“कधी?”

“चैत्रात.”

“मग चैत्रापासून काय करत होतीस?”

“तेच तर सांगते आहे, आक्का!” कुमुदताई सरसावल्या. “पहाटे उठायचं, सूर्यनमस्कार घालायचे, टेकडी चढायची, भात नाही, साखर नाही. सगळं कशासाठी? तर तुलेला बसायच्या आधी माझा भार...”

त्या थांबल्या.

खाली कुणाच्या तरी गुऱ्हाळातून हाका ऐकू आल्या. उकळत्या रसाची काहील उतरत असावी.

“माझा भार कमी...” कुमुदताई हळूच म्हणाल्या.

आक्का वात वळत होत्या.

“अगं आई गं.”

...

“आक्का.”

“हं.”

“मी वर्षभर... आईच्या पारड्यातला गूळ काढायला बघत होते?”

“मला काय विचारतेस?”

“रोज पहाटे उठून? नेमानं?”

“नेमाची तू पक्कीच आहेस.”

कुमुदताईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. आता त्या रडणार असं वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी यायला लागलं. आधी ओठांच्या कोपऱ्यात, मग डोळ्यांत.

“आणि तरीसुद्धा माझं वजन वाढतच गेलं!”

“हो ना.”

“एवढं करून! दर महिन्याला!”

“दर महिन्याला.”

“म्हणजे हिनं...” कुमुदताई गाभाऱ्याकडे वळल्या. आत समईच्या उजेडात देवीचा मुखवटा दिसत होता. मोठे डोळे, मोठी नथ. मृणालच्या कडेवरून जाई त्या नथीकडे हात करत होती.

“ती आत बसलीय,” आक्का म्हणाल्या. “तिलाच विचार. पण समोर उभी राहून विचार. सारखी मागच्या बाजूला पळू नकोस.”

कुमुदताई गेल्या. उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. काही मागितलं नाही.

परत आल्या तेव्हा त्यांनी खोचलेला पदर सोडून अंगभर घेतला होता.

“आक्का, पण घोटाळा झालाय. गूळ तर मी तेव्हाच्याच वजनाचा सांगितलाय. आता कमी पडणार.”

“पडेल.”

“सगळ्या गावासमोर?”

“गाव आलं बघ,” आक्का म्हणाल्या, आणि वातींची टोपली उचलून उठल्या.

...

गाव खरंच आलं. बायका नटून, म्हातारे काठ्या टेकत, पोरं सगळ्यांच्या पुढे, कारण गूळ त्यांच्याच कामाचा. कुमुदताईंचे यजमान बळवंतराव टेम्पो थेट पायऱ्यांपर्यंत घेऊन आले. घरचं गुऱ्हाळ, घरचा गूळ. पिवळ्याधमक ढेपा फडक्यांत बांधलेल्या.

तराजू टांगला. आक्कांनी दोन्ही पारड्यांना हळदकुंकू लावलं.

कुमुदताई पारड्यात बसल्या. पारडं जमिनीला टेकलं.

“साखळ्या तपासल्यात का रे?” गर्दीतून दौलूमामांचा आवाज आला. हा विनोद ते प्रत्येक पौर्णिमेला करत.

गाव हसलं. मग गप्प झालं, कारण कुमुदताईंचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता. मृणालने खाली बघितलं.

“साखळ्यांचं सोडा मामा,” कुमुदताई पारड्यातून म्हणाल्या, “आधी तुमचे दात तपासा. गूळ भरपूर आहे आज. चावता येणार आहे का?”

मग असा हशा उठला की पपईच्या झाडावरच्या साळुंक्या उडाल्या. सगळ्यांत जास्त दौलूमामा हसले, आणि हसताना त्यांना खरंच दोनच दात असल्याचं सगळ्यांना दिसलं.

बळवंतराव एकेक ढेप समोरच्या पारड्यात ठेवू लागले. पारडं भरत गेलं. कुमुदताईंचं पारडं हललं, जमिनीपासून जरासं सुटलं, आणि पुन्हा टेकलं.

ढेपा संपल्या.

कुमुदताई खालीच होत्या.

आक्का खांबाला टेकून उभ्या होत्या.

कुमुदताईंनी इकडे तिकडे पाहिलं. बांगड्या काढता आल्या असत्या. अंगावरची शालही काढून ठेवता आली असती. त्यांनी ती उलट नीट गुंडाळून घेतली आणि मांडी आणखी ऐसपैस घातली.

“अहो,” त्या म्हणाल्या, “कमी पडतोय. घरी जाऊन आणखी घेऊन या. तोवर मी इथून उठायची नाही.”

बळवंतरावांनी कान खाजवला.

“घरी कशाला? आहे की.”

“कुठे?”

ते टेम्पोकडे गेले आणि मागची ताडपत्री उचलली. तिच्याखाली आणखी ढेपा होत्या.

“मी सांगितला तेवढाच आणलात ना?” कुमुदताई ओरडल्या.

“तू सांगितलास तेवढा संपला,” बळवंतराव म्हणाले. “हा मला दिसला तेवढा आहे.”

“म्हणजे?”

“रोज बघतो की तुला.”

बायकांनी पदर तोंडाला लावले. कुमुदताई लाजल्या. नव्या नवरीसारख्या लाजल्या, आणि ते लपवायला त्यांना पारड्यात जागाही नव्हती.

ढेपा चढल्या. एक. आणखी एक. पारडं सुटलं, वर आलं, डुललं. बळवंतरावांनी शेवटची लहान ढेप अलगद ठेवली. दोन्ही पारडी समोरासमोर आली आणि स्थिर झाली.

कुमुदताईंनी हात जोडले. डोळे मिटले. त्यांच्या पायांखाली जमीन नव्हती, आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना आपल्या अंगाचा भार कळत नव्हता.

आक्कांनी घंटेकडे हात नेला.

तेवढ्यात जाई ओरडली.

तिला आजी हवेत डुलताना दिसली होती. आपल्याला सोडून आजी एकटीच झोका घेते, हे तिला काही पटलं नाही. ती मृणालच्या कडेवरून वाकली, दोन्ही हात पसरले, आणि सुटलेल्या केसांसकट रडायला लागली.

“थांब गं, थांब बाळा, होतंच आलंय,” मृणाल तिला मागे ओढत म्हणाली. “घंटा वाजू दे.”

आक्कांनी घंटेवरचा हात काढला.

त्या सावकाश मृणालपाशी गेल्या. तिच्या कडेवरून जाईला घेतलं. आणि नेऊन कुमुदताईंच्या मांडीवर ठेवलं.

धप्.

पारडं जमिनीला टेकलं. समोरचा गूळ वर गेला.

जाईचं रडणं थांबलं. तिने आजीचं नाक धरलं.

“आक्का!” कुमुदताई म्हणाल्या. “अहो, बरोबर झाली होती की तुला! हे काय केलंत? पुन्हा वजन वाढलं माझं!”

आणि हे बोलता बोलताच त्यांना हसू फुटलं. पोट धरून, मान मागे टाकून त्या हसल्या, मांडीवरची पोर गदागदा हलली आणि तीही हसायला लागली, आणि रिकाम्या टेम्पोजवळ उभे असलेले बळवंतराव डोकं खाजवत गुऱ्हाळाच्या धुराकडे बघू लागले.

आक्का वाकल्या. जाईच्या डोळ्यांवरचे केस त्यांनी एका बोटाने बाजूला केले.

“सकाळचं तुझं उत्तर राहिलं होतं, कुमुद,” त्या म्हणाल्या. “हे वजन धरायचं... आणा गूळ.”